पंचवीस मिनिटांवरचे जंगल

आमचे सोनगीर मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की वीसेक किलोमीटरवर डाव्या-उजव्या हाताला तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकाने लागतात आणि वर डोंगरावर जुना किल्ला दिसतो. रात्रंदिवस ट्रक धावतात. त्यांच्या हॉर्नच्या आवाजात आमची मुले अभ्यास करतात आणि त्याच आवाजात झोपतात. गावात मशीद आहे, मंदिरे आहेत, शाळा आहेत, बाजार आहे. बाईमाणसाने दोन घटका सावलीत नुसते बसावे, अशी जागा मात्र शोधावी लागते.

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, आम्ही पाच जण मुंबईला गेलो. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही, आमच्या दोन मुली आणि दिरांचा नऊ वर्षांचा मुलगा. पुरुष मंडळी कामात होती. जाण्याचे कारण आनंदाचे नव्हते. नणंदेची मुलगी, आमची भाची, लग्न होऊन अकरा वर्षे मालाडला पठाणवाडीत राहते. वय एकतीस. तिला साखरेचा आजार निघाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा-पाऊण तास चालायला सांगितले. गोळ्या ती वेळेवर घेत होती, चालत मात्र नव्हती. अम्मींना हे कळल्यापासून त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"बेटा, चालत का नाहीस?" अम्मींनी पोहोचल्या पोहोचल्या विचारले.

"नानी, कुठे चालू? गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावे लागते. हायवेवर धूर. आणि बुरखा घालून उगाच येरझारा घातल्या तर लोक विचारतात, काही हरवले का?"

त्यावर आम्हाला हसू आले, तिला आले नाही. तिचे खरे होते. मग आमच्या मोठ्या मुलीने विचारले, "आपा, नॅशनल पार्क इथून किती लांब आहे?" ती आठवीत आहे. शाळेत पक्षी सप्ताहाचा तक्ता तिनेच केला होता, त्यामुळे तिला बोरिवलीचे जंगल पाहायचेच होते.

भाची म्हणाली, "बसने वीस-पंचवीस मिनिटे."

"मग तू कितीदा गेलीस?"

भाची गप्प झाली. अकरा वर्षांत ती एकदाही गेली नव्हती.

फाटकापाशी

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून मंगळवारी सकाळी निघालो. भाची तरी कुरकुरत होती. "मामी, तिथे कॉलेजची पोरे-पोरी जातात. आपल्यासारख्या बायका कोण जातात? सगळे बघत राहतील." तिचा नवरा रात्रपाळी करून नुकताच आला होता. अंथरुणावरूनच तो म्हणाला, "घेऊन जा मामी तिला. माझे ऐकत नाही, नानीचे ऐकेल."

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे सरकारी नाव. पूर्वी या भागाला कृष्णगिरी म्हणत. मुंबईकर त्याला आजही नुसते 'नॅशनल पार्क' म्हणतात. फाटक थेट पश्चिम द्रुतगती महामार्गावर आहे. एका बाजूला बस, रिक्षा, उंच इमारती, आणि तिकीट काढून शंभर पावले आत गेले की झाडांची सावली. आम्ही महामार्गावरच राहणारी माणसे. ट्रकचा आवाज मागे पडत जातो म्हणजे काय, हे आमच्या कानांना लगेच कळले. अम्मी मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "आवाज कुठे गेला?"

हे उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे आहे. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन्ही जिल्ह्यांत ते पसरले आहे. इतक्या मोठ्या शहराला इतके मोठे जंगल खेटून असावे, ही जगातही फारशी न आढळणारी गोष्ट आहे.

आत गेल्यावर रुंद रस्ता, बाजूला दहिसर नदी, पुढे होड्यांचा तलाव आणि मोकळी हिरवळ. सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ होती. अम्मींचे गुडघे दुखू लागले, म्हणून बाक शोधत होतो. एका बाकावर तीन वयस्कर बायका बसल्या होत्या. दोघींनी साडीवर बूट घातले होते. आम्ही पुढे जाणार, तोच त्यांतली एक सरकून म्हणाली, "या आजी, बसा. आम्ही काय रोजच बसतो."

अम्मी बसल्या. दहा मिनिटांत चौघींची गुडघ्यांवर चर्चा सुरू झाली. कोणते तेल, कोणता पट्टा, जिना उतरताना कोणता पाय आधी. त्यांतल्या एकीला भाचीच्या साखरेचे कळले, तेव्हा ती म्हणाली, "मला बारा वर्षे झाली. एकटी येऊ नकोस, कंटाळशील. शेजारची एखादी सोबत आण." सकाळी चालणाऱ्यांना पास मिळतो, हेही तिनेच सांगितले. अम्मींनी डब्यातली खजुराची वडी काढली. त्यांनी विचारले, "साखर नाही ना?" आणि पुन्हा सगळ्या हसल्या, या वेळी भाचीही हसली.

"सगळे बघत राहतील" असे तिला वाटले होते. बघितले तर एवढेच, की आजींना बसायला जागा हवी आहे.

पाणी कुठून येते

मुंबईच्या नळाची गोष्ट या जंगलात सुरू होते, हे आम्ही मुलांना शिकवतो; पण ती जागा स्वतः पाहिली नव्हती. विहार आणि तुळशी हे दोन तलाव याच उद्यानात आहेत. विहार 1860 मध्ये पुरा झाला आणि त्याच्यापासून मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. तुळशी 1879 मध्ये झाला. आज मुंबईला सात जलाशयांतून पाणी येते. मोठा वाटा भातसा, वैतरणा आणि तानसा या बाजूचा. पण सुरुवात इथली. या तलावांच्या भोवतीचे जंगल राखले गेले, त्याला हे पाणीही एक कारण आहे.

दहिसर नदी तुळशीच्या बाजूने येते आणि मिठी नदी विहारच्या. पोईसर आणि ओशिवरा यांचा उगमही याच डोंगरांत आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीने काय केले ते सर्वांना आठवत असेल. भाचीच्या सासरच्यांनी ती रात्र शेजाऱ्यांच्या माळ्यावर काढली होती. नदीच्या काठावर भराव घातला, तिच्यात कचरा टाकला, की ती आपली जागा परत मागते. जंगलातून निघताना हेच पाणी स्वच्छ असते. घाण होते ते आपल्या वस्त्यांत आल्यावर.

आमच्याकडे पाण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात हंडे रांगेत ठेवणाऱ्या घरांतली ही मुले. वजूसाठीसुद्धा पाणी वाया घालवू नये, मग वाहत्या नदीच्या काठी का बसलेले असू, ही शिकवण अम्मींनीच त्यांना लहानपणी दिलेली. धाकट्याने नदीकडे बघत विचारले, "म्हणजे आपाच्या घरचा नळ आणि ही नदी चुलत बहिणी?" याहून चांगले उत्तर आम्हालाही सुचले नसते.

कान्हेरीच्या पायऱ्या

फाटकापासून कान्हेरीच्या लेण्या सहा-सात किलोमीटर आत आहेत. मिनीबसने गेलो. काळ्या बसाल्ट खडकात कोरलेल्या शंभराहून अधिक बौद्ध लेण्या इथे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे इथे वस्ती आणि कोरकाम चालू होते. कल्याण, सोपारा या त्या काळच्या बाजारपेठांतल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी दान दिले, त्याचे लेख भिंतींवर आहेत. पुढे 1009 आणि 1021 या साली पारशी मंडळी इथे येऊन गेली. त्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली. म्हणजे कुटुंबाने मिळून बघायला जाण्याची ही जागा आपल्या काळापुरती नाही.

अम्मी आणि धाकटा खाली झाडाखाली बसले. आम्ही चौघी पायऱ्या चढू लागलो. भाचीला पंधरा पायऱ्यांतच धाप लागली. ती थांबली की आम्ही थांबायचो. थांबायला निमित्त मात्र चांगले मिळाले. जवळजवळ प्रत्येक लेणीच्या बाजूला खडकात पाण्याचे टाके कोरलेले आहे. पावसाचे पाणी पन्हळीतून त्यात उतरते. मोठी मुलगी टाकी मोजू लागली, धाकटी त्यांत डोकावू लागली आणि भाची श्वास घेत राहिली. नवव्या टाक्यापर्यंत तिने तक्रार केली. त्यानंतर तीच पुढे होती.

वरून पाहिले तर एकीकडे नुसते रान आणि दूरवर इमारतींची रांग. भाची बराच वेळ त्या रांगेकडे पाहत होती. मग म्हणाली, "मामी, आमची खोली तिकडे कुठेतरी असेल. तिथून मला हा डोंगर रोज दिसतो. गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसतो. मला वाटायचे, तो कुणाचा तरी असेल."

यावर काय बोलावे ते आम्हाला सुचले नाही.

वाटेच्या कडेला कारवीची झुडपे वाळून उभी होती. कारवी आठ वर्षांनी एकदा सामुदायिक फुलते. 2008, 2016 आणि त्यानंतर 2024 च्या पावसाळ्यात ती फुलली. फुलून बी धरले की झुडूप मरते. त्या बियांतून पुन्हा रान उभे राहते. आम्ही फुलोरा थोडक्यात चुकवला. मोठीने हिशेब केला, "पुढच्या वेळी मी बावीस वर्षांची असेन. तेव्हा येऊ." अम्मी म्हणाल्या, "इन्शाअल्लाह. मला खांद्यावर घेऊन या."

पाखरांचा सलीम

मोठीच्या वहीत पक्ष्यांची यादी होती. बुलबुल, दयाळ, कोतवाल यांच्यापुढे खुणा झाल्या होत्या. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. आपल्या घरांत सलीम अलींचे नाव कमी घेतले जाते, याची आम्हाला शिक्षिका म्हणून खंत वाटते.

त्यांचा जन्म 1896 चा, मुंबईतल्या मोठ्या मुस्लिम कुटुंबातला. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. एकदा या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. अशी चिमणी त्याने पाहिली नव्हती. त्याने विचारले, ही कोणती? मामांनी उत्तर म्हणून त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. 1883 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत मिलार्ड नावाच्या इंग्रज सचिवाने त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि ओळखायला शिकवले. ज्या मुलाने पाखरू मारले, तोच पुढे पाखरांचा जाणकार झाला. 1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले, ते आजही लोक वापरतात. 1976 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आज याच जंगलाच्या कडेला, गोरेगावच्या बाजूला आहे.

शिक्षक म्हणून आम्हाला यात सर्वांत मोठे कोण वाटते? ते मामा. मुलाने विचारले तेव्हा त्यांनी "गप्प बस" म्हटले नाही. "मला माहीत नाही, चल विचारू या" ही वाट दाखवली.

मोठी हे धाकट्याला सांगत होती, तेवढ्यात वडाच्या फळांवर एक छोटा हिरवा पक्षी आला. कपाळ आणि छाती लाल, डोळ्याभोवती पिवळे. "तांबट!" मोठी कुजबुजली. उन्हाळ्यात हा पक्षी टुक टुक टुक असा एका लयीत बोलतो, तांब्याचे भांडे ठोकल्यासारखा, म्हणून त्याचे नाव तांबट. थंडीत तो सहसा गप्प असतो. अम्मींनी मान वर केली. "हा तांबट? ये तो अपने गाँव का निकला." सोनगीरच्या तांबट आळीतली ठोकठोक ऐकत अम्मींची पन्नास वर्षे गेली. त्या नावाचे पाखरूही असते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

माकड, बिबट्या आणि आपला कचरा

दुपारी जेवायला बसलो. कळण्याच्या भाकरी, वांग्याचे भरीत, खिमा. फाटकावर प्लास्टिकबद्दल बजावले होते म्हणून सगळे डब्यांत आणि कापडात बांधून नेलेले. तरी धाकट्याने कुठूनशी वेफर्सची पुडी खिशात आणली होतीच. ती बाहेर निघताच एक माकड आले, पुडी घेतली आणि झाडावर बसून आमच्यासमोर खाल्ली. धाकटा रडला. आम्ही त्याला सांगितले, माकडाला दोष देऊ नकोस. आधी कुणीतरी हौसेने खाऊ घातले, म्हणून ते हिसकावायला शिकले.

बिबट्याचेही असेच आहे. या जंगलात चाळीस-पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. 2002 ते 2004 या काळात त्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे गेली. अभ्यासकांनी कारणे शोधली. जंगलाच्या कडेला उघड्यावर कचरा, कचऱ्यावर कुत्री-डुकरे, आणि त्यांच्या मागे बिबट्या. शिवाय दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून सोडल्यानेही गोंधळ वाढतो. पुढे वनखाते, अभ्यासक आणि रहिवासी यांनी मिळून समजावण्याचे काम केले. कचरा उचला, अंधारात मुलांना एकटे सोडू नका, बिबट्या दिसला तर गर्दी करू नका. भय पूर्ण संपले नाही, पण पुष्कळ कमी झाले.

या जंगलात माणसेही राहतात. वारली आणि इतर आदिवासींचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाहेरून आलेल्या गरिबांच्या झोपड्याही होत्या. 1997 मध्ये उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि हजारो घरे पडली. पुनर्वसन झालेल्यांपैकी पुष्कळ कुटुंबे चांदिवलीला गेली. जंगल वाचले पाहिजे हे खरे. ज्याचे छप्पर गेले त्याचे दुःखही खरे. मुलांना आम्ही दोन्ही सांगितले, कारण एकच सांगणे म्हणजे अर्धे शिकवणे.

परतल्यावर

जोहरची नमाज घरी पोहोचून अदा करायची म्हणून लवकर निघालो. बाहेर पडताना भाचीने चालणाऱ्यांच्या पासाची चौकशी स्वतः केली. आम्ही मुद्दाम मागे उभे राहिलो.

सोनगीरला आल्यावर पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. शेजारच्या दोघींना घेऊन ती आठवड्यातून तीन दिवस सकाळी जाते. मुलांना शाळेत सोडून थेट बस. साखर अजून हवी तितकी उतरलेली नाही. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी त्या सोडायच्या नाहीत असे सांगितले आहे. पण आता आवारातल्या बायका "काही हरवले का?" असे विचारत नाहीत, "उद्या किती वाजता?" असे विचारतात.

आम्ही मात्र घरी येऊन स्वतःलाच प्रश्न विचारला. भाचीला पंचवीस मिनिटांवरचे जंगल अकरा वर्षे दिसले नाही म्हणून आम्ही तिला रागावलो. आमच्या डोक्यावरचा किल्ला आम्ही किती वेळा चढलो? खानदेशावर फारुकी सुलतानांनी राज्य केले, 1601 मध्ये ते अकबराकडे गेले, हे आम्ही फळ्यावर लिहितो. गावच्या डोंगराच्या पायथ्याशी मात्र आमच्या मुली वर्षातून एकदाही जात नाहीत. अडवले कुणी नाही. "आपल्या बायका तिथे जात नाहीत" हे वाक्यच कुंपण झाले आहे.

आता जुम्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, असरनंतर आम्ही सहा-सात जणी मुलींना घेऊन किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जातो. शाळेच्या मागे चार कडुलिंबांची रोपे लावली आहेत. ज्या मुलीने लावले तिनेच पाणी घालायचे. झाडाचे फळ माणसाने खाल्ले किंवा पाखराने, लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ऐकून खड्डा खणणारे कमी, एवढेच.

परवा दुपारी ऊन तापले होते. अम्मी ओसरीवर बसल्या होत्या. तांबट आळीकडून ठोकठोक येत होती. मध्येच त्यांनी हात वर करून आम्हाला गप्प केले. "ऐका. ही हातोडी आळीतली नाही. ही वरून येते, झाडावरून."

आम्ही सगळ्या अंगणात आलो. समोरच्या पिंपळावर तांबट बोलत होता.

जाण्यापूर्वी

• उद्यान सोमवारी बंद असते. शक्यतो मंगळवार ते शुक्रवार जा. रविवारी गर्दी फार.
• सकाळी लवकर पोहोचा. कान्हेरीला दुपारी खडक तापतो.
• प्रवेश आणि बसचे दर बदलतात, ते खिडकीवरच पाहावेत.
• पाणी स्टीलच्या बाटलीत, जेवण डब्यात आणि कापडात. कचरा परत घरी आणा.
• चपलेपेक्षा बूट बरे. बुरखा असेल तर सुती आणि घोट्याच्या वर राहील असा घाला, पायऱ्यांवर अडकत नाही.
• माकडांना खायला देऊ नका. मुलांचा हात सोडू नका आणि अंधारापूर्वी बाहेर पडा.
• घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जा. बाक पुष्कळ आहेत, आणि सरकून जागा देणारी माणसेही.